घरनिहाय

माझी सगळी नोकरी गटारात गेली. यात तक्रार काही नाही. निंबुर्डी नगरपरिषदेच्या मलजल विभागात सव्वीस वर्षांपूर्वी मी बाटलीत नमुने भरणारी म्हणून लागले आणि आज त्या विभागाची प्रमुख आहे. अळ्या पाहिल्या, तुंबलेले चेंबर पाहिले, लग्नसराईनंतर नाल्यावर चढणारा बोटभर तेलातुपाचा थर पाहिला. तिथेच कडेला बसून डबा खाल्ला. किळस म्हणून कधी आली नाही. ती आली एका मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता, मुख्याधिकाऱ्यांच्या गारेगार दालनात, समोर बाकरवडीची बशी असताना.

बशीपलीकडे राजाध्यक्ष बसले होते. राष्ट्रीय आरोग्य-संकेत प्राधिकरणाचे सहसंचालक. दिल्लीहून आलेले, पण मराठी, आणि तेही गोड मराठी. शेजारी आमचे मुख्याधिकारी बनकर साहेब, वय वर्षं एकतीस, खुर्चीच्या अगदी टोकावर.

“अंगठा तेवढा द्यायचाय, सारिकाताई,” राजाध्यक्ष म्हणाले. “दोन मिनिटांचं काम.”

“ताई मला आमचे मुकादम म्हणतात. तुम्ही पाटोळेबाई म्हणा.”

बनकर साहेब खोकले.

हा अंगठा कशाचा, ते आधी सांगायला हवं.

सहा वर्षांपूर्वी निंबुर्डीत काविळीची साथ आली. पिण्याच्या पाइपात सांडपाणी झिरपत होतं, आणि ते आम्हाला कळलं तेव्हा एकोणचाळीस माणसं गेलेली होती. या काविळीत गरोदर बायका जास्त दगावतात. माझी धाकटी जाऊ रेश्मा सातव्या महिन्यात होती. तिने बाळासाठी विणायला घेतलेलं टोपडं सुईसकट अजून माझ्या कपाटात आहे.

म्हणून गावाने हुंगे बसवले. सरकारी नाव मलजल-वेधक, पण पहिल्याच आठवड्यात लोकांनी त्याला हुंग्या करून टाकलं. नारळाएवढा डबा, प्रत्येक चेंबरच्या भिंतीला एक. आत एक पडदा, आणि पडद्याला छिद्रं, इतकी बारीक की एका वेळी एकच रेणू पलीकडे सरकेल. पडद्याच्या दोन्ही बाजूंना विजेचा हलकासा दाब. रेणू छिद्रातून जाताना त्या विजेला अडथळा करतो, आणि प्रत्येक रेणूची अडवण्याची तऱ्हा वेगळी. बोळातून कोण चाललंय ते शेजारीण नुसत्या पावलांच्या आवाजावरून ओळखते, तसं हे आहे. काविळीचा विषाणू पाण्यात आला की माणसं आजारी पडायच्या आधी आठ-दहा दिवस हुंग्या सांगतो. त्या साथीनंतर निंबुर्डीत काविळीने एकही बाई गेलेली नाही. हुंग्याबद्दल मला वाईट बोलायचं नाही.

पण त्याला आणखी एक गोष्ट येते. दहा घरांचं पाणी एका चेंबरमध्ये येतं, तरी प्रत्येक घराच्या पाइपाचा उतार आणि लांबी वेगळी, त्यामुळे पाणी पोचायची वेळ वेगळी. शिवाय माणूस रोज आपल्या आतड्याच्या पेशी पाण्यात सोडत असतो आणि त्या पेशींतला डीएनए रोज तोच असतो. महिनाभर ऐकत बसलं की यंत्र दहा घरांचा गलबला सुटा करतं. मग या घरात माणसं किती, पाहुणा कधी आला, पोटुशी कोण, कोणती गोळी कोण घेतं आणि दारू सोडली म्हणून शपथ घेतलेला कोण अजून पितो, हे सगळं दिसतं. घरनिहाय.

राज्याच्या विधानसभेने तेव्हाच कायदा केला, आणि शहाणपणाने केला. रोज दिसेल ते वस्तीचं, आणि तेही अकरा रोगजंतूंपुरतं. घरनिहायला कुलूप. कुलपाला दोन किल्ल्या, एक राज्याच्या आरोग्य खात्याची आणि एक गावची. साथ आली आणि नगरपरिषदेच्या सभेने ठराव केला, तरच दोन्ही लावायच्या. गावची किल्ली म्हणजे माझा उजवा अंगठा.

“राज्याची किल्ली मिळाली आहे,” राजाध्यक्ष म्हणाले. “मंत्रालयातून होकार आलाय. तीनशेवर गावांनी अंगठे दिले. तुमचं आणि आणखी थोडी राहिलीत. शुक्रवारी सभा आहे, तिथे विषय मंजूर होऊन जाईल.”

“कोणत्या कायद्याखाली?”

“पत्रात संदर्भ दिलाय की.”

मी पत्र उलटंसुलटं वाचलं होतं. “संदर्भ म्हणून तुमच्याच आधीच्या पत्राचा क्रमांक आहे. त्या पत्रात त्याच्या आधीच्या पत्राचा. सगळ्यात पहिल्या पत्रात लिहिलंय, ‘देशहिताच्या दृष्टीने’. कायद्याचं नाव कुठे आहे?”

“बाई, तुम्ही वकील कधी झालात?” बनकर साहेब हसले. एकटेच हसले.

वकील कुठली होतेय, मी बारावी झालेली बाई. पण किल्ली हातात देताना माझ्याकडून शपथ घेतली होती, संविधान आणि कायदा पाळीन म्हणून. आपण कशाची शपथ घेतली ते बघावं तरी, म्हणून पुस्तक आणलं आणि रोज दुपारी डबा खाताना दोन-दोन पानं वाचली. दीड वर्ष लागलं. काही कळलं, काही डोक्यावरून गेलं. कळलं ते पक्कं कळलं.

“सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता राज्यसूचीत आहे,” मी म्हटलं. “सहावी नोंद. तिथे केंद्राला हात घालायचा तर रस्ता दिलेला आहे. राज्यसभेत दोन तृतीयांश मतांनी ठराव करा, मग संसदेत कायदा आणा, लोकांसमोर उभं राहून सांगा हे का हवंय ते. त्यानंतरसुद्धा लोकांच्या घरात डोकावता येतं का, ते न्यायालय बघेल. विधानसभेने केलेला कायदा मंत्रालयातल्या होकाराने पुसला जात नाही.”

“त्याला दोन वर्षं जातील हो.”

“जाऊ देत.”

“काय आहे ना,” राजाध्यक्षांनी बाकरवडीचा तुकडा मोडला, “केंद्राला करता येत नाही, असं काही असतं का आताशा? तांत्रिकदृष्ट्या असेल. पण कुणी विचारत नाही.”

“बरं. घरनिहाय यादी कशाला हवीय, तेवढं सांगा.”

“उपयोग नंतर ठरेल,” ते म्हणाले, आणि तुकडा तोंडात टाकला.

सव्वीस वर्षांत न आलेली किळस ती इथे आली. ते चावत होते. कुरकुर आवाज येत होता. लाखो घरांच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं उघडं पुस्तक या माणसाला हवं होतं, आणि कशाला ते त्याने ठरवलंही नव्हतं.

मग ते म्हणाले, “बनकर, जरा चहाचं बघता का?”

एका गावचा मुख्याधिकारी उठला आणि चहाचं बघायला गेला. मला त्या पोराची कीवही आली आणि किळसही.

दार लागल्यावर राजाध्यक्षांनी आपली टॅबची पाटी माझ्याकडे फिरवली. तिच्यावर एकच ओळ होती. गेल्या वर्षीची अकरा जुलै. प्रभाग दोन. एक घर क्रमांक. चार मिनिटं.

“साथ प्रभाग सहामध्ये होती ना तेव्हा?” त्यांनी हळुवारपणे विचारलं. “विषमज्वराची. कुलूप नऊ दिवस उघडं होतं, रीतसर. पण प्रभाग दोनमध्ये तर कुणाला ताप नव्हता.”

माझी नजर बशीवर गेली.

“आईचं काळीज असतं. मी समजू शकतो. तुमची मुलगी समजेल का, ते मात्र मला माहीत नाही.” त्यांनी पाटी परत फिरवली. “शुक्रवारी अंगठा द्या. ही नोंद नोंदच राहील.”

*

अकरा जुलैचं सांगते.

माझी मुलगी ईश्वरी कृत्रिम पाय बसवायच्या केंद्रात काम करते. गेल्या उन्हाळ्यात निनाद शेलुकरचं स्थळ आलं. शाळेत गणित शिकवणारा मुलगा, वडील नाहीत, घरात तो आणि आई. दोघं तीन-चारदा भेटली. ईश्वरी घरात गुणगुणायला लागली, आणि ही मुलगी गुणगुणणारी नव्हे.

आता स्थळ आलं की चौकशी करायची, ही आपली रीत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारायचं, त्यांच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला विचारायचं, लांबच्या मामीला फोन लावायचा. मुलगा पितो का, घरात कुणाला फिट येते का, आत्या माहेरी का राहते. सगळ्याच आया करतात. मी हुंग्याला विचारलं.

चारच मिनिटं. ज्या वेळच्या पाण्यात पुरुषाच्या पेशी, त्याच वेळच्या पाण्यात लिथियम, रोज, न चुकता. मनाच्या एका आजारावर हे क्षार देतात, वर्षानुवर्षं, आणि शरीर ते जसेच्या तसे बाहेर टाकतं. त्या घरात पुरुष एकच होता.

मी संगणकाचा पडदा बंद केला, हात धुतले, दोनदा धुतले, आणि घरी येऊन सांगितलं की पत्रिका जुळत नाही.

“आई, तू आणि पत्रिका?” ईश्वरी आधी हसली होती. मग तिला कळलं की मी हटणार नाही. वर्ष झालं, ती माझ्याशी नीट बोलते, वेळेवर जेवते, गुणगुणत मात्र नाही.

*

बुधवारी सकाळी आमचे मुकादम रंगनाथ आवळे बाजारपेठेतल्या चेंबरवर हुंग्याचा पडदा बदलत होते. मी शेजारी जाऊन बसले. आवळे माझ्याआधीपासून नगरपरिषदेत आहेत. त्यांचे वडील अंगात नुसती चड्डी घालून याच चेंबरांत उतरायचे.

“ताई, मुरंब्याचं ऐकलं का?” आवळे म्हणाले. मुरंबे हे पलीकडच्या तालुक्याचं गाव, त्यांनी गेल्या महिन्यातच अंगठा दिलेला. “माझी भाची तिथं असती. तिच्या गल्लीत एक मास्तर हाईत, बायको न्हाई, लेक कालेजात शिकवती, लगीन व्हायचंय. त्या मास्तरांच्या मोबाईलवर निरोप आला. अभिनंदन, आपल्या घरी गरोदर माता आहे, नावनोंदणी करा.”

“मग?”

“मग काय. पोरगी गाव सोडून गेली. मास्तर दार उघडंना. आन् निरोप धाडणाऱ्याला वाटतंय, आपण लई चांगलं काम केलं.” ते खाली थुंकले, चेंबरच्या बाहेर, नीट बाजूला बघून. “माझा बाप आत उतरायचा. त्याला समदं कळायचं बघा. कुण्या म्हाताऱ्याला रगत पडतंय, कुठल्या सुनेनं काय टाकून दिलं. माझी आई खोदून खोदून विचारायची. बाप आंघोळ करायचा, बिडी वढायचा, बोलायचा न्हाई. ज्येनं आपल्याला कधी ओट्यावर बसू दिलं न्हाई, त्येची सुदीक घाण त्येनं झाकून ठिवली.”

मी त्यांना राजाध्यक्षांचं सांगितलं.

“देऊ नका अंगठा.” त्यांनी मान वर केली. “पर तुमी त्वांड पाडून बसलाय. त्येंच्याकडं तुमचं काय हाय?”

मी अकरा जुलैचंही सांगितलं. घर कुणाचं ते सोडून सगळं.

आवळे बराच वेळ पडद्याचे स्क्रू आवळत राहिले. मग म्हणाले, “माझा बाप अडाणी व्हता, ताई.”

एवढंच. त्यांनी झाकण लावलं, हत्यारं गोळा केली आणि पुढच्या चेंबरकडे निघून गेले. माझ्यासाठी थांबले नाहीत. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं.

*

बुधवारी ईश्वरीला अर्धी सुट्टी असते. ती दुपारी घरी आली तेव्हा मी स्वयंपाकघरात शेंगा निवडत बसले होते. निवडून झालेल्याच पुन्हा निवडत होते.

सांगून टाकलं. सलग. राजाध्यक्ष, अंगठा, अकरा जुलै, लिथियम.

ती उभीच होती. तिचा चेहरा रडवेला होईल असं मला वाटलं होतं. झाला नाही. दुधात माशी दिसल्यावर माणसाचा होतो, तसा झाला.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“त्याच्या गोळ्यांचं. तिसऱ्या भेटीत त्याने स्वतः सांगितलं. सात वर्षं घेतोय म्हणाला, डॉक्टरांचा नंबर दिला, तुला हवं ते विचारून घे म्हणाला. आणि वर म्हणाला, घरी इतक्यात सांगू नकोस, मी येऊन माझ्या तोंडाने सांगेन.” तिचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. “आणि आठ दिवसांत तुझी पत्रिका निघाली. त्याला काय वाटलं असेल, आई? त्याने एकदाच विचारलं, तू घरी सांगितलंस का. मी नाही म्हटलं. त्याला ते खोटं वाटलं. का नाही वाटणार? दुसरं कुणाला माहीतच नव्हतं.”

“ईशू...”

“वर्षभर मी विचार करत होते, माझ्या कुठल्या बोलण्यातून तुला कळलं. मी स्वतःला दोष देत होते.”

ती आत गेली आणि पिशवी भरू लागली. मी दारात उभी राहिले. “कुठे चाललीस?”

“मैत्रिणीकडे, पूर्वाकडे.”

“रागाव, भांड, पण घर सोडून कशाला...”

“मी या घरात बाथरूमला तरी कशी जाऊ, सांग ना!” आता आवाज चढला. “मी काय खाल्लं, मला पाळी आली की नाही, हे सगळं...”

“मी असं कधीच बघितलं नाही. आणि हुंग्या पूर्वाच्या चेंबरलाही आहे.”

“असू दे. तिथे माझी आई नाही.”

ती गेली. मी त्या शेंगांकडे बघत बसले. संध्याकाळी मोरीत पाणी ओतताना माझाच हात थबकला. ते पाणी कुठून कुठे जाणार, किती सेकंदांत चेंबरला लागणार, हे मला पाठ होतं. माझ्या पोरीच्या मनात मी हे घालून ठेवलं होतं. आणि राजाध्यक्ष साऱ्या देशाच्या मनात घालायला निघाले होते. आमच्या दोघांत फरक एवढाच, की मला कशासाठी बघायचंय ते माहीत होतं.

*

शुक्रवारची सभा दुपारी तीनला होती. नगराध्यक्षा प्रणोती घोरपडे खुर्चीवर, समोर एकवीस नगरसेवक, मागे लोकांसाठी बाकं, आणि पाहुण्यांच्या खुर्चीत राजाध्यक्ष. आमचा विषय शेवटी ठेवला होता, आयत्या वेळच्या विषयांत, मोकाट कुत्र्यांच्या खालोखाल. कुत्र्यांवर चाळीस मिनिटं भांडण झालं. आमच्यावर कुणी भांडणार नव्हतं.

“दिल्लीचं पत्र आहे,” नगराध्यक्षा म्हणाल्या. “मंजूर ना?”

“मंजूर करा, चहा गार होतोय,” कुणीतरी म्हणालं.

“आपल्याला काय लपवायचंय?” हे प्रभाग पाचचे नगरसेवक. “ज्याचं पोट साफ, त्याला कसली भीती!” सभागृह खदाखदा हसलं. राजाध्यक्षही हसले.

मी उभी राहिले. “अध्यक्ष महोदया, किल्ली माझ्याकडे आहे. मला बोलायचंय.”

बनकर साहेबांनी डोळ्यांनी खुणावलं, बसा. मी बसले नाही.

“मागच्या वर्षी विषमज्वराच्या साथीत तुम्ही कुलूप उघडायचा ठराव केलात. प्रभाग सहासाठी. त्या नऊ दिवसांत मी दुसऱ्याच प्रभागातल्या एका घरात बघितलं. तिथे साथ नव्हती. मला माझ्या खासगी कामासाठी बघायचं होतं. चार मिनिटं बघितलं. त्यापायी दोन माणसांचं मोठं नुकसान झालं, आणि ती दोघंही निर्दोष होती. ही गोष्ट राजाध्यक्ष साहेबांना माहीत आहे. अंगठा दिला तर ती झाकून ठेवू, असं ते मला मंगळवारी म्हणाले.”

चहाचे कप थांबले. राजाध्यक्ष उठून काही बोलणार होते. नगराध्यक्षांनी हात केला, “थांबा हो तुम्ही. पाटोळेबाई, कुणाच्या घरात?”

“ते मी सांगणार नाही.”

“असं कसं! कुणाच्या घरात बघितलंत?” प्रभाग पाच.

“काय दिसलं?” मागून कुणीतरी.

एकवीसच्या एकवीस माणसं पुढे झुकली होती. मागच्या बाकांवरचेही. प्रत्येकाच्या तोंडावर आधी भीती, आपलं तर नसेल ना. आणि तिच्यामागोमाग, लगेच, हाव. कुणाचं असेल बरं? ते चेहरे मला चांगलेच ओळखीचे होते. अकरा जुलैला पडद्याच्या काचेत माझा असाच दिसला असणार.

“हे बघा,” मी म्हटलं, “मला गावात लोक बरी बाई समजतात. कायदा मला पाठ, शपथ मी घेतलेली, जाऊ याच पाण्याने गमावलेली. मला चार मिनिटं आवरलं नाही. मग जो माणूस आपल्याला ओळखत नाही, ज्याने आपल्यासमोर शपथ घेतली नाही, ज्याला आपण निवडून दिलं नाही आणि घालवूही शकत नाही, त्याला कायमचं उघडून द्यायचं? आणि कशाला, तर त्याने अजून ठरवलेलं नाही. दिल्लीने काय करायचं आणि काय नाही, हे लिहून ठेवलंय. लिहिणाऱ्यांना माणूस ठाऊक होता. पण लिहून ठेवलेलं आपोआप पाळलं जात नाही. त्याच पुस्तकात नागरिकाचं पहिलं कर्तव्य म्हणून संविधानाचं पालन सांगितलंय. नागरिकाचं, म्हणजे तुमचं आणि माझं. मी एकदा चुकले. दुसऱ्यांदा, तेही भिऊन, चुकणार नाही. मी अंगठा देणार नाही. माझ्यावर चौकशी बसवा, ती मी स्वतः लेखी मागितली आहे.”

कागद नगराध्यक्षांच्या पुढ्यात ठेवला आणि बसले.

मग मतं झाली. विरोधात पहिला हात प्रभाग पाचच्या नगरसेवकांचा वर गेला. पाठोपाठ सतरा. संविधानासाठी कुणी हात वर केला असेल असं मला वाटत नाही. प्रत्येकाने आपापल्या संडासाचं दार आतून लावून घेतलं, इतकंच. चालेल. सगळे तिथूनच सुरुवात करतात.

राजाध्यक्षांनी पाटी पिशवीत घातली. “या निलंबित होतीलच,” ते बनकर साहेबांना म्हणाले, मला ऐकू येईल असं. “मग किल्ली कुणाकडे जाते?”

बनकर साहेबांनी कायद्याची पुस्तिका चाळली. त्यांना उत्तर माहीत असावं असा मला संशय आहे, कारण ते हळूहळू चाळत होते आणि त्या पोराच्या तोंडावर पहिल्यांदा थोडा रंग दिसत होता. “विभागातला सर्वांत जुना कायम कर्मचारी. म्हणजे मुकादम आवळे.”

आवळे दारातच टेकून उभे होते. राजाध्यक्ष त्यांच्याजवळ गेले. “मुकादम, तुम्ही तरी समजूतदार दिसता.”

“व्हय साहेब,” आवळे म्हणाले. “कायद्याचं नाव सांगा, समजून घेतो.”

*

बाहेर पायऱ्यांवर ईश्वरी उभी होती. ती मागच्या बाकावर बसली होती, मला दिसली नव्हती.

“घर सांगितलं नाहीस,” ती म्हणाली.

“नाही.”

“बरं केलंस.” तिने माझ्याकडे पाहिलं नाही. “पण निनादला कळायला हवं, की मी सांगितलं नव्हतं.”

“सांग ना.”

“मी नाही. तू. आत्ता. माझ्यासमोर.”

प्रभाग दोन नगरपरिषदेपासून पायी दहा मिनिटांवर आहे. ती पुढे, मी मागे. वाटेत दोन ओळखीच्या बायका दिसल्या आणि दोघींनीही रस्ता ओलांडला. बातमी आमच्या आधी पोचली होती.

दार निनादने उघडलं. ईश्वरीला बघून त्याचा हात कडीवरच राहिला. मागून त्याची आई आली, बारीकशी बाई, पदराला हात पुसत. “कोण आलंय रे? अगं बाई! या ना, या.” आणि ती पाणी आणायला वळली. आमच्याकडे दारात कुणीही उभं राहिलं तरी आधी पाणी येतं, ते मला त्या क्षणी अगदी नको होतं.

मी उंबऱ्याबाहेरच उभी राहून सांगितलं. सगळं. ईश्वरीने एक शब्द घरी सांगितला नव्हता, हे दोनदा सांगितलं. निनाद ऐकत होता. त्याचे कान लाल झाले. एकदा त्याने ईश्वरीकडे बघितलं, आणि तिने मान हलवली, फक्त एकदा.

“माझ्या शाळेत कळलं असतं तर?” तो मला म्हणाला.

“हो.”

“तुम्ही मला सरळ विचारू शकला असतात, काकू. मी सांगणारच होतो.”

“हो.”

त्याची आई पाण्याचं भांडं घेऊन त्याच्या मागे येऊन थांबली होती. मग त्याने विचारलं, “आणि काय दिसलं तुम्हाला? आमच्या घरातलं?”

त्याच्या खांद्यावरून मला त्याची आई दिसत होती. तिने भांडं दोन्ही हातांनी धरलं. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मला कळलं की तिला कळलं.

त्या चार मिनिटांत मी आणखी एक गोष्ट पाहिली होती. त्याच्याबद्दलची नव्हे, तिच्याबद्दलची. तिने ती मुलापासून लपवली होती, आणि का लपवली असेल ते कुठल्याही आईला कळावं. मी ती ईश्वरीला सांगितली नाही, आवळ्यांना सांगितली नाही, सभेला सांगितली नाही. इतका वेळ तुम्हालाही सांगितली नाही. आताही सांगणार नाही.

“काही नाही,” मी म्हटलं. “तेवढंच.”

निनाद माझा चेहरा वाचत होता. त्याला ते खरं वाटलं की नाही, मला ठरवता आलं नाही. खोटी बाई म्हणून मी त्याच्या दारात आलेच होते, आणखी एका खोट्याने मला काय फरक पडणार होता.

त्याची आई पुढे आली. तिने मुलाला हाताने बाजूला केलं आणि भांडं माझ्यापुढे धरलं.

“घ्या,” ती म्हणाली. “उन्हातून आलात.”